मे महिन्यातला जर्दाळू

जर्दाळू म्हटला की आपल्याला वाण्याकडची सुकी, सुरकुतलेली फळं आठवतात. फळ खाऊन झालं की आतली बी फोडायला घरातली मुलं टपलेली असतात. हिमाचल प्रदेशात मात्र हे फळ ताजं खातात आणि त्याला खुमानी म्हणतात.

तिथल्या सोलनसारख्या मध्यम उंचीच्या डोंगराळ भागात ‘न्यू कॅसल’ ही जात लावतात. लडाखचा ‘हलमन’ जर्दाळू जुलै-ऑगस्टमध्ये पिकतो, तर ही जात मे महिन्यातच तयार होते. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंतचा तिचा प्रवास अडीच-तीन महिन्यांत संपतो. त्यामुळे पावसाळ्याआधी तोडणी उरकते. ही घाई फार मोलाची, कारण हे नाजूक फळ पावसात तडकतं आणि सडतं.

पण या घाईची किंमतही मोजावी लागते. झाड फुलतं ते फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये, थंडी पुरती सरलेली नसताना. एखाद्या रात्री पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेला, तर बराच बहर जळतो. थंड हवा जड असते, ती दरीच्या तळाशी साचते. म्हणून बाग खोलगट जागी न लावता उतारावर लावणं शहाणपणाचं.

बहर वाचला तर फळं इतकी लागतात, की झाडाला ती सगळी पोसवत नाहीत. मग काही फळं कोवळी असतानाच काढून टाकावी लागतात. हातची फळं तोडताना जीव कासावीस होतो खरा. पण विरळणी लांबली, तर उरलेल्या फळांना वाढायला वेळच राहत नाही. ती बारीक राहतात आणि भाव पडतो.

तोडणी झाली की बागेकडे पाठ फिरवावीशी वाटते. खरी चूक इथेच होते. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात, याच फांद्यांवर तयार होत असतात. तेव्हा झाड पाण्यावाचून सुकलं, तर त्याचा फटका पुढच्या बहरात दिसतो.

“आपल्याकडे लावता येईल का?” असं अनेकजण विचारतात. पानं गाळून झोपी गेलेल्या या झाडाला जागं होण्याआधी पुरेशी थंडी मिळावी लागते. आपल्या सपाटीवरच्या हिवाळ्यात ती मिळत नाही. रोप जगेल, पण फळांची आशा धरू नये.