पुरवठा साखळी आणि कंपन्यांचे उत्तरदायित्व

सदऱ्यावर ज्या कंपनीचे नाव असते, तिने तो सदरा बहुधा शिवलेला नसतो. कापड एका देशात विणले जाते, शिलाई दुसऱ्या देशात कंत्राटदार करून घेतो. या रचनेस 'पुरवठा साखळी' म्हणतात. कंपनी कामगाराची मालक नसते, हे कायद्याच्या दृष्टीने खरेच; परंतु मालाचा दर आणि मुदत बहुतांशी तीच ठरवते.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे 'राणा प्लाझा' ही आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. तेथील बँक बंद ठेवण्यात आली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले.

अनेक ब्रँडांच्या आचारसंहिता त्यापूर्वीही होत्या. त्यांची भाषा 'अपेक्षा आहे', 'प्रयत्नशील राहू' अशा धाटणीची असते. पूर्तता झाली नाही तर कामगाराने कोणाकडे दाद मागावी, हे अशा वाक्यांतून कळत नाही. मे २०१३ मधील सुरक्षा करार येथेच वेगळा ठरतो. त्यावर ब्रँड आणि कामगार महासंघ या दोहोंच्या सह्या होत्या. कारखान्यांची स्वतंत्र तपासणी व्हावी, दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद शक्य होईल हे ब्रँडने पाहावे आणि वाद लवादाकडे न्यावा, असे त्यात बंधन होते. त्याआधारे २०१६ मध्ये महासंघांनी हेग येथील स्थायी लवाद न्यायालयात दोन ब्रँडांविरुद्ध दावे दाखल केले. पैकी एकाने २०१८ मध्ये तडजोडीत तेवीस लाख डॉलर देण्याचे मान्य केले; त्यातील बहुतेक रक्कम कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होती.