दुरुस्तीस दिलेले यंत्र आणि आपले खाजगीपण

घड्याळ बंद पडले की आपण ते घड्याळजीकडे देतो. त्याला फार तर घड्याळाची चक्रे दिसतात. आपले गुपित त्याच्या हाती लागत नाही. पण कळफलक काढून नुसती पाटी हातात धरता येते असा डिटॅचेबल टॅबलेट दुरुस्तीस देताना आपण त्याबरोबर पत्रे, छायाचित्रे आणि बँकेचे कागदही देत असतो. म्हणून ‘हे यंत्र दुरुस्त होईल काय?’ आणि ‘यात माझे खाजगीपण राहील काय?’ हे प्रश्न खरेदीच्या वेळी एकत्रच विचारले पाहिजेत.

ही भीती निराधार नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी सोळा ठिकाणी लॅपटॉप दुरुस्तीस देऊन पाहिले. त्यांचा हा अभ्यास २०२२ साली पुढे आला. सहा ठिकाणच्या कारागिरांनी मालकाची खाजगी माहिती उघडून पाहिल्याचे यंत्रातील नोंदींवरून दिसले. त्यांपैकी दोन ठिकाणी तर तिच्या नकलाही काढल्या गेल्या. यावरून सारे कारागीर अप्रामाणिक ठरत नाहीत. पण शेजारी सज्जन आहे म्हणून आपण दाराला कुलूप लावण्याचे सोडत नाही.

आता यंत्राची रचना पाहू. टॅबलेट पातळ करण्यासाठी पुष्कळदा बॅटरी डिंकाने चिकटवतात, आणि माहिती साठवणारा भाग, म्हणजे एसएसडी, मुख्य पट्टीवर कायमचा जोडून टाकतात. यंत्रे उघडून त्यांना दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने २०१७ च्या सरफेस प्रोला दहापैकी एकच गुण दिला होता. एचपीच्या एलिट एक्स-टू १०१२ या टॅबलेटला मात्र तिने दहापैकी दहा दिले. पुढे २०२२ च्या सरफेस प्रो ९ ला सात गुण मिळाले; त्याच्या पाठीमागे छोटे झाकण असून ते उघडल्यावर एसएसडी स्क्रू सोडवून काढता येते. तेव्हा पातळपणा आणि दुरुस्ती यांचे हाडवैर नाही, हे स्पष्ट आहे.

या झाकणाचे मोल दुरुस्तीच्या दिवशी कळते. स्क्रीन फुटली असेल तर एसएसडी घरी ठेवून उरलेले यंत्र देता येते. कारागिराला तपासणी करावयाची झाल्यास तो स्वतःची एसएसडी बसवू शकतो. ज्या यंत्रात ती काढताच येत नाही, तेथे एन्क्रिप्शन हाच आधार. एन्क्रिप्शन म्हणजे माहिती अशा सांकेतिक रूपात साठवणे की किल्लीवाचून ती कोणालाच वाचता येऊ नये. परंतु कारागिराने मागितला म्हणून आपण पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, तर हे कुलूप व्यर्थ होय. विंडोजमधील या कुलपाची एक दीर्घ आकडी किल्ली असते. ती कागदावर उतरवून घरी जपावी. कारण मुख्य पट्टी बदलल्यावर ती मागितली जाते, आणि ती नसेल तर मालकच दाराबाहेर राहतो.

म्हणून दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. एसएसडी काढता येते काय? बॅटरी व स्क्रीन सुट्या विकत मिळतात काय? दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना खुली आहे काय? सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? जुने यंत्र घेणाऱ्याने शेवटचा प्रश्न विशेष ध्यानी घ्यावा, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सुट्या भागांच्या चौकशीसाठी भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली सुरू केलेले ‘राइट टु रिपेअर’ हे संकेतस्थळही पाहता येईल.

यंत्र घरी आणल्यावर ते प्रथम सुरू होताना ठावठिकाणा, जाहिराती आणि वापराची माहिती यांविषयी परवानग्या मागते. घाईने ‘होय’ म्हणू नये. प्रत्येक वाचून, नको ती नाकारावी. दुरुस्तीच्या दुकानात जी माहिती आपण झाकून ठेवणार, ती आंतरजालावरून आपणच वाटून टाकली तर काय साधले?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क रोजच्या व्यवहारात राखणे मात्र आपल्याच हाती आहे, आणि त्याची सुरुवात पैसे मोजण्यापूर्वी यंत्राचे मागचे झाकण पाहण्यापासून होते.