छाती नव्हे, फुप्फुस म्हणा

वस्तीत कुणाला खोकला झाला की आपण म्हणतो, "छाती भरली आहे." धाप लागली तरी छाती, जळजळ झाली तरी छाती, आणि हृदयाचे दुखणे असले तरी छातीच. पण छाती ही नुसती पेटी आहे. आत काय बिघडले ते सांगायचे तर आतल्या अवयवाचे नाव माहीत हवे. म्हणून या वेळी आम्ही एका शब्दाची ओळख करून देत आहोत : फुप्फुस.

हा शब्द पुस्तकी वाटतो. कुणी तो 'फुप्फुस' लिहितो, कुणी 'फुफ्फुस'. पण एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ओठांतून हवा सुटते आणि शेवटच्या 'स'बरोबर श्वास बाहेर पडतो. फुंकर, फुगा, फुसफुस हे शब्दही असेच हवेचे आहेत. हा शब्द आवाजावरून घडला असावा, असे मानले जाते.

पालीत याच अवयवाला 'पप्फास' म्हणतात. सतिपट्ठान सुत्तात शरीराचे भाग एकेक करून मोजले आहेत. त्यात हदय म्हणजे हृदय, यकन म्हणजे यकृत, वक्क म्हणजे मूत्रपिंड आणि पिहक म्हणजे पांथरी, यांच्यासोबत पप्फासही आहे. तिथे उपमा धान्याच्या पिशवीची आहे : पिशवी उघडावी आणि हे तांदूळ, हे मूग, असे वेगवेगळे ओळखावे. शरीराकडेही तसेच नीट, नाव घेऊन पाहायचे आहे.

इंग्रजीतल्या 'लंग' शब्दाचे मूळ 'हलके' या अर्थात आहे. बकऱ्याचे फुप्फुस पाण्यात टाकले तर तरंगते, कारण ते स्पंजासारखे हवेने भरलेले असते. आपल्या उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. डावीकडे हृदयाला जागा लागते. आत कोट्यवधी बारीक वायुकोश असतात. तिथे रक्त प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाला २१,६०० श्वास होतात. जी हवा आपण घेतो, ती इतक्या वेळा आत जाते.

आपल्याकडे ही हवा कशी आहे, ते वेगळे सांगायला नको. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत सुताची धूळ, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचा वास, घरी एका खोलीत पाच-सहा माणसे आणि बंद खिडकी. अशा दाटीत क्षयरोग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो. हा रोग जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. तो शाप नाही, घराण्याचा दोषही नाही. तरीही मुलीचे लग्न अडेल म्हणून कित्येक घरांत "छातीचा त्रास आहे" एवढेच सांगितले जाते. छाती या शब्दाआड फुप्फुसाचा आजार लपतो, उपचाराला उशीर होतो, आणि तोवर घरातल्या लेकरांनाही लागण होऊ शकते.

म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्री घाम किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर सरकारी रुग्णालयात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. थुंकीची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात. साधा क्षयरोग सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. महिनाभरात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. खाते क्रमांक दवाखान्यात नोंदवून घ्या.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मोकळेपणाने सांगा : खोकला किती दिवसांचा, कफ पडतो का, धाप कधी लागते, काम धुळीचे की रसायनांचे, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का. आणि शेवटी विचारा, "माझी फुप्फुसे कशी आहेत?"