उच्च प्राथमिक वर्गांतील उद्दिष्टे आणि प्रगतीचे मापन



जून महिन्यात शाळा उघडली की आपण सर्वजण वार्षिक नियोजनाची वही काढतो आणि पहिल्याच पानावर उद्दिष्टे लिहितो. शाळाभेटीच्या निमित्ताने अशा पुष्कळ वह्या माझ्या हातांखालून गेल्या आहेत. ‘विद्यार्थ्यांच्या भाषिक कौशल्यांचा विकास करणे’, ‘गणिताविषयी गोडी निर्माण करणे’, ‘वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे’ ही वाक्ये बहुतेक वह्यांत आढळतात. त्यांत गैर असे काही नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास तीच वही पुढे ठेवून ‘ह्यांपैकी काय साधले?’ असे विचारल्यास शिक्षकास उत्तर सुचत नाही. कारण गोडी निर्माण झाली हे कशावरून ओळखावयाचे, ते जूनमध्ये ठरलेलेच नसते. अशा वाक्यांस सदिच्छा म्हणावे; उद्दिष्ट म्हणता येणार नाही.

हा विचार आजचा नाही. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी ह्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) मूल्यमापन ही अखंड चालणारी प्रक्रिया असून तिचा उद्दिष्टांशी निकटचा संबंध आहे, असे प्रतिपादन केले. पुढे दवे समितीच्या १९९१ च्या अहवालातून किमान अध्ययन क्षमता आल्या आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. नावे बदलत गेली, तक्ते बदलत गेले. शिक्षकास विचारलेला प्रश्न मात्र तोच राहिला: ह्या पाठानंतर मूल काय करू शकेल, की जे त्याला आज करता येत नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर क्रियापदात द्यावयाचे असते. ‘समजेल’, ‘आकलन होईल’ ही क्रियापदे डोळ्यांना दिसत नाहीत. ‘वाचेल’, ‘मोजेल’, ‘सांगेल’, ‘आकृती काढेल’, ‘कारण देईल’ ही दिसतात. एक उदाहरण विस्ताराने घेऊ. सहावीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवावयाची आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असा प्रश्न दिला की वर्गातील काही मुले हमखास दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. वरच्या अंकांत वरचा मिळविला, खालच्यांत खालचा. शिक्षक ते उत्तर चूक ठरवितो, छेद समान करण्याची रीत पुन्हा फळ्यावर सांगतो आणि मुले ती रीत पाठ करतात. आठ दिवसांनी पुन्हा दोन पंचमांशच येतात. येथे उद्दिष्ट ‘अपूर्णांकांची बेरीज शिकविणे’ एवढेच असल्यामुळे चूक कोठे आहे हे शिक्षकाच्या लक्षात येत नाही.

आता तेच उद्दिष्ट असे मांडून पाहा: ‘बेरीज करण्यापूर्वी उत्तर अर्ध्याहून मोठे येईल की लहान, हे मूल सांगेल व कारण देईल.’ अर्धी भाकरी ताटात आहे. तीत आणखी एक तुकडा पडला. मग ताटात अर्ध्याहून कमी भाकरी राहील काय? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी. हे ज्या मुलास उमगले, त्यास आपल्या उत्तरातील विसंगती आपोआप जाणवते आणि रीतीची गरज त्याची त्यालाच पटते. ज्यास हेही उमगत नाही, त्याचा प्रश्न सहावीचा नव्हेच. अपूर्णांक म्हणजे काय, हा चौथीचा धागा तुटलेला आहे. चुकीचे उत्तर दोघांचे एकच, उपाय मात्र निरनिराळे. गुणपत्रकावर दोघांपुढे एकच शून्य पडते, म्हणूनच केवळ गुणांवर विसंबू नये.

उद्दिष्ट ठरले की मापनाचे अर्धे काम झालेलेच असते. उरलेल्या अर्ध्यात एकच गोष्ट आपण वारंवार विसरतो: मूल कोठून निघाले ह्याची नोंद. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाजवळ पाच-सात मिनिटे बसून अनोळखी उतारा वाचून घ्यावा आणि दोन-तीन उदाहरणे तोंडी सोडवून घ्यावीत. ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून घराघरांत जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांनी वाचन तपासते. त्या सर्वेक्षणाच्या निष्कर्षांवर आपल्यांत मतभेद असतील, परंतु त्याची साधी पद्धत उचलण्यास हरकत नसावी. एक कागद पुरतो, मुलास भीती वाटत नाही आणि ते कोणत्या पायरीवर आहे हे तिथल्या तिथे कळते. सातवीत परिच्छेदावर अडणारे मूल विज्ञानाच्या पेपरात नापास झाले, तर दोष विज्ञानाचा म्हणता येईल काय?

वर्गाच्या सरासरीविषयीही दोन शब्द. समजा पाच मुले आहेत. वीस गुणांच्या चाचणीत जूनमध्ये त्यांस १८, १६, १२, ८ व ६ गुण मिळाले. सरासरी १२. ऑक्टोबरात त्याच क्रमाने २०, १९, १५, ७ व ४ मिळाले. सरासरी १३. अहवालात ‘वर्गाची प्रगती झाली’ असे लिहिले जाईल आणि आकड्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. प्रत्यक्षात वरची तीन मुले पुढे गेली आणि ज्यांस शिक्षकाची सर्वाधिक गरज होती ती दोन मागे पडली. म्हणून सरासरी अहवालापुरती ठेवावी आणि नियोजन करताना नावानिशी पाहावे.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा सातवी व आठवीसाठी आकारिक मूल्यमापनास चाळीस टक्के व संकलित मूल्यमापनास साठ टक्के असे प्रमाण ठरवून देण्यात आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधने त्यात सांगितली होती. योजना चांगली होती. पण एप्रिलच्या एका दुपारी बसून वर्षभराच्या वर्णनात्मक नोंदी एकहाती लिहून काढण्याची जी सवय पुष्कळ शाळांत लागली, तिने तिचा जीव गेला. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ ही नोंद चाळीस मुलांपुढे सारख्याच अक्षरात दिसली की ती कोणी व केव्हा लिहिली, हे विचारावे लागत नाही. महिन्यास प्रत्येक मुलाची एकच नोंद घ्या, पण पाहून घ्या. कागदाचे ओझे आपणांवर अतोनात आहे हे मी जाणतो. म्हणूनच कमी लिहावे आणि खरे लिहावे असे माझे मत आहे.

येथवरचे विवेचन कोणत्याही जिल्ह्यास लागू पडेल. आपल्या बीड जिल्ह्यापुढे मात्र एक वेगळाच प्रश्न आहे. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरातील गावे रिकामी होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी ह्या तालुक्यांतील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर आपल्या पटावरील मुलेही जातात. म्हणजे आपले शैक्षणिक वर्ष जून ते एप्रिल आणि त्या मुलाचे जून ते ऑक्टोबर. दोघांस एकच वार्षिक मोजपट्टी लावून आपण काय मोजतो, ह्याचा विचार क्वचितच होतो.

माझ्या नोकरीच्या आरंभीची, सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. सहावीतील एक मुलगा फडावरून परतला तो वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात. गणितात त्यास पन्नासपैकी नऊ गुण मिळाले. ‘दशांश अपूर्णांकांची बेरीज करा’ ह्या प्रश्नाखालील जागा त्याने कोरीच सोडली होती. ‘गणितात अत्यंत कच्चा’ असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला. मे महिन्यात त्याचे वडील काट्याच्या पावत्यांची चळत घेऊन माझ्याकडे आले. मुकादमाच्या हिशेबाची त्यांस शंका होती. प्रत्येक पावतीवर टनांचा आकडा दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत छापलेला. मी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज मांडू लागलो, तोच शेजारी उभा असलेला तो मुलगा म्हणाला, “गुरुजी, मी केलीय बेरीज.” जुन्या वहीच्या पाठपानावर तारीखवार आकडे एकाखाली एक, चिन्हाखाली चिन्ह धरून लिहिलेले होते. बेरीज बिनचूक होती. ‘दशांश अपूर्णांक’ हा शब्द त्यास ठाऊक नव्हता, एवढेच. दराने गुणण्याचे मात्र त्यास खरोखरीच येत नव्हते; ते शिकविण्यास मला दोन दिवस पुरले असते. माझ्या प्रश्नपत्रिकेने त्यास येत असलेले झाकले आणि येत नसलेले दाखविलेही नाही. निकाल तोवर लागून गेला होता. तो त्याच वर्गात राहिला आणि पुढल्या दिवाळीनंतर गेला तो शाळेत परत आला नाही.

तेव्हापासून स्थलांतरित मुलांसाठी वर्षाचे दोन भाग करावेत, असे मी सांगत आलो आहे. पहिला भाग जून ते ऑक्टोबर. ह्या चार महिन्यांत संपूर्ण अभ्यासक्रमाच्या मागे न धावता, मुलाबरोबर फडावर जातील अशी भाषेची व गणिताची मिळून पाच-सहा उद्दिष्टे निवडावीत: अनोळखी मजकूर वाचून आशय सांगणे, स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिणे, दशांश चिन्हाच्या चारही क्रिया, शेकडेवारी, लांबी-वजनाची परिमाणे. इतिहासातील सनावळी थांबू शकते. वाचन थांबू शकत नाही. मूल निघण्यापूर्वी ह्या उद्दिष्टांवर त्याची चाचणी घ्यावी आणि निष्पन्न काय झाले ते शिक्षण हमी कार्डासोबत स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. ‘सहावीत शिकत आहे’ एवढ्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकास काही कळत नाही. ‘परिच्छेद वाचतो, गोष्ट वाचताना अडतो, दशांशांची बेरीज येते, गुणाकार येत नाही’ ह्या एका ओळीवरून ते शिक्षक दुसऱ्याच दिवशी कामास लागू शकतात. ज्या पालकांस मूल आजी-आजोबांजवळ ठेवणे शक्य आहे, त्यांस हंगामी वसतिगृहाची माहिती गणेशोत्सवापूर्वीच द्यावी. उचल घेतल्यानंतर सांगून उपयोग होत नाही.

दुसरा भाग मूल परतल्यापासूनचा. परतलेल्या मुलास पहिल्याच दिवशी प्रश्नपत्रिकेपुढे बसवू नये. ऑक्टोबरातील तीच तोंडी तपासणी पुन्हा घ्यावी व दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. काय टिकले, काय पुसले गेले आणि काय नव्याने आले, ह्या तीनही गोष्टी लिहाव्यात. तिसरी आपण सहसा लिहीत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ह्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप वर्गात दाखल झालेल्या मुलास इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क सांगितला आहे. परतलेल्या मुलांच्या बाबतीत तो हेतू ध्यानी ठेवून शाळेने उन्हाळ्याचे काही दिवस राखून ठेवावेत.

आठवीच्या शिक्षकांनी येथे अधिक सावध राहिले पाहिजे. केंद्राने २०१९ मध्ये अधिनियमात केलेल्या दुरुस्तीस अनुसरून आपल्या राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांस पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षा, आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवणे, अशी तरतूद झाली. फडावरून परतलेल्या मुलीस आठवीतच बसावे लागले, तर तिच्या घरी शाळेचा विषय कोणत्या वळणास लागतो हे आपणांस मी सांगावयास नको. तिच्या बाबतीत परीक्षा व पुनर्परीक्षा ह्यांमधील दिवस म्हणजेच तिचे दुसरे सत्र होय. त्या दिवसांत सर्व विषय वरवर उजळण्यापेक्षा, ऑक्टोबर व एप्रिल ह्या दोन नोंदींत जेथे खिंडार दिसते तेथेच काम करावे.

सातवी-आठवीच्या गणितासाठी एक नमुना देतो. एका कोयत्याने ८०,००० रुपये उचल घेतली. तोडणीचा दर हिशेबापुरता टनास ४०० रुपये धरू. उचल फिटण्यास किती टन ऊस तोडावा लागेल? दिवसास दोन टन तोडल्यास किती दिवस लागतील? बारा दिवस आजारपणात गेले तर? उत्तरे अनुक्रमे २०० टन, १०० दिवस व ११२ दिवस. भागाकार, एकमान पद्धती व वाचनाचे आकलन ह्यांची एकत्र तपासणी ह्यात होते. मात्र वर्गात कोणासही ‘तुमच्या घरी उचल किती?’ असे विचारू नये. आकडे आपण द्यावेत. मुले त्यांत स्वतःचे घर पाहतील ते मनातल्या मनात पाहोत.

पुढील शिक्षण परिषदेस येताना सहावी ते आठवीपैकी एका वर्गाचे, एका विषयाचे एक पान प्रत्येकाने भरून आणावे. डाव्या बाजूस मुलांची नावे, मध्ये जूनची नोंद, उजवीकडे आजची. स्थलांतरास जाणाऱ्या मुलांच्या नावापुढे खूण करावी व त्यांची निघण्याची अंदाजे तारीख पालकांस विचारून लिहावी. नोंदी शब्दांत असाव्यात, श्रेणीत नकोत. खाडाखोड असल्यास पान पुन्हा उतरवून काढू नये; आहे तसेच आणावे.