घरच्या चित्रफिती : कोणती किती स्पष्ट, आणि आधी कोणती वाचवावी?

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आपल्या घरांतील लग्ने, मेंदी, मलिदा आणि भारतातील नातलगांच्या भेटी व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपल्या गेल्या. त्या कॅसेटी आज कपाटांत पडून आहेत. दिवंगत वडीलधाऱ्यांचे मराठी बोलणे पुष्कळ घरांत केवळ त्यांतच उरले आहे. मात्र एकाच पेटीत ठेवलेल्या या कॅसेटींचा दर्जा एकसारखा नसतो. तो कसा ओळखावा, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

चित्राची स्पष्टता मोजताना पडद्यावर शेजारी शेजारी किती उभ्या रेघा वेगळ्या ओळखू येतात, हे पाहतात. १९७६ साली आलेल्या व्हीएचएसमध्ये अशा रेघा सुमारे २४० भरतात. रंगांचा तपशील त्याहूनही कमी असतो. म्हणूनच लाल शालूचा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. १९८२ सालच्या छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटीत फीत तीच, म्हणून दर्जाही तोच. आठ मिलिमीटरच्या व्हिडिओ-८ चे चित्र साधारण तितकेच. पण तिचा आवाज साध्या व्हीएचएसपेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो. १९८९ साली आलेल्या हाय-८ मध्ये रेघा सुमारे ४०० झाल्या, तर १९९५ सालच्या मिनी-डीव्हीमध्ये सुमारे ५००. मिनी-डीव्हीत चित्र अंकांच्या रूपाने साठते, त्यामुळे अंक जसेच्या तसे उतरवले तर प्रतीत काहीच उणे होत नाही. जुन्या पद्धतींत मात्र प्रतीवरून प्रत काढली की चित्र दर वेळी फिके होत जाते.

यावरून पहिला नियम निघतो : नातलगांना वाटलेली प्रत नव्हे, तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ कॅसेट संगणकावर उतरवावी. इस्राएल आणि भारत या दोन्ही देशांत पाल पद्धत असल्याने तिकडच्या कॅसेटी इकडच्या यंत्रावर चालतात. अमेरिकेहून आलेल्यांना एनटीएससी चालवणारे यंत्र लागते.

दुसरा नियम असा, की क्रम स्पष्टतेवर ठरवू नये. जिची दुसरी प्रत नाही आणि जिचे यंत्र दुर्मिळ आहे, ती कॅसेट आधी घ्यावी. व्हीएचएस-सी अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या यंत्रावर चालते. आठ मिलिमीटरच्या कॅसेटीला मात्र तिच्याच जातीचे यंत्र हवे. काही डिजिटल-८ कॅमेरे तीही चालवतात. नवी व्हीएचएस यंत्रे बनवणे २०१६ साली थांबले. मिनी-डीव्हीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तीही अखेर फीतच आहे, आणि ती बिघडली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात.

जुन्या चित्राला मोठ्या पडद्याच्या मापात ताणले तरी मुळात नसलेला तपशील त्यात येत नाही. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट टाकून देऊ नये. आणि चित्रातील चेहरे ओळखणारी माणसे आपल्यात आहेत तोवर प्रत्येक कॅसेटीवर प्रसंग, वर्ष आणि नावे लिहून घ्यावीत. ते काम कोणतेही यंत्र करू शकणार नाही.