घराचे तळघर, चार ट्रॅकची टेप आणि रॉक संगीत

रविवारच्या मिस्सेत गायनमंडळाच्या कडेला गिटार घेऊन उभा असलेला तरुण हे आपल्या धर्मग्रामांतील परिचित दृश्य आहे. या तरुणास आज स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे झाले, तर एक संगणक आणि एक माइक एवढे त्यास पुरते. चुकलेला स्वर पुसता येतो, घसरलेला सूर ओढून जागेवर आणता येतो आणि शंभर वाद्ये एकावर एक चढविली तरी जागा संपत नाही. असे असूनही पाश्चात्त्य रॉक संगीतातील कित्येक कलावंत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गिटार, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि टेपचे जड यंत्र घरी आणून गाणी मुद्रित करीत असतात. हा केवळ जुन्याचा हव्यास आहे काय? काही अंशी तो आहेच. परंतु घरातच जन्मलेल्या दोन प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांचा इतिहास पाहिला म्हणजे त्यापलीकडचे कारणही ध्यानात येते.

प्रथम टेपविषयी थोडेसे. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. माइकमधून आलेल्या विद्युतप्रवाहाच्या चढउतारानुसार हे कण कमीअधिक चुंबकित होतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर न करता त्याच्या लाटेची अशी अखंड प्रतिमा उमटविणे, यालाच ॲनालॉग पद्धत म्हणतात. या पद्धतीत दोन गोष्टी अपरिहार्य ठरतात. एक म्हणजे शांत जागी ऐकू येणारी बारीक सळसळ. दुसरी अशी की, आवाज फार मोठा झाला तर टेप त्यास एकदम तोडीत नाही. पाण्यात साखर विरघळता विरघळता आणखी मावेनाशी व्हावी, त्याप्रमाणे टेपची ग्रहणशक्ती हळूहळू संपत जाते आणि आवाजाची टोके गोलसर होतात. जाणकार ज्याला टेपची ऊब म्हणतात, ती बव्हंशी हीच होय. वास्तविक हा यंत्राचा दोष आहे. तो कानास गोड लागतो, एवढेच!

घरी ध्वनिमुद्रण करण्याच्या कल्पनेचे जनक म्हणून अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांचे नाव घ्यावे लागते. १९४९ साली गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना ॲम्पेक्स कंपनीचे टेपयंत्र भेट दिले. लेस पॉल यांनी आवाज पुसणाऱ्या हेडच्या आधी आणखी एक हेड बसविले. त्यामुळे टेपवरील जुना आवाज आधी ऐकू येई, त्यात नवे वादन मिसळे आणि ते मिश्रण त्याच टेपवर पुन्हा उमटे. मात्र जुना आवाज त्याच क्षणी कायमचा पुसला जाई. १९५१ साली अमेरिकेत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिलेले ‘हाऊ हाय द मून’ हे गीत लेस पॉल आणि त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांनी न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातील आपल्या राहत्या घरात असे थरावर थर चढवून तयार केले. दहाव्या थरास बोट चुकले, तर आधीचे नऊही गेले. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

पुढे प्रत्येक वाद्यास टेपवर स्वतंत्र पट्टा, म्हणजे ट्रॅक, मिळू लागला आणि ही टांगती तलवार थोडी दूर झाली. तरीही ट्रॅक मोजकेच असत. ते संपले की तीन ट्रॅकांवरील आवाज एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे आणि पहिले तीन मोकळे करावयाचे, ही युक्ती सर्वत्र रूढ होती. तिची किंमत द्यावी लागे. प्रत्येक उतरवणीत सळसळ वाढे आणि कोणते वाद्य किती मोठे ठेवावयाचे, हा निर्णय तेथेच घ्यावा लागे. नंतर तो बदलता येत नसे.

आता गिटारीकडे वळू. विजेवरील गिटारीच्या पोलादी तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे, असे त्याचे साधे रूप असते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. दुर्दैवाने हेच वेढे घरातील विजेच्या तारांचा गुणगुणाटही टिपतात. गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर उपाय काढून पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवून त्यांची जोडणी अशी उलटसुलट केली की, गुणगुणाट परस्परांस रद्द करतो आणि तारांचा आवाज मात्र दुणावतो. त्या काळी वेढ्यांची संख्या काटेकोर नसे. त्यामुळे एकाच वर्षी बनलेल्या दोन गिटारींचा आवाजही सारखा निघत नसे.

लेस पॉल यांच्या नावाची गिटार गिब्सनने १९५२ मध्ये बाजारात आणली आणि खप घटल्यावर १९६० नंतर तिचा मूळ आकारच सोडून दिला. पुढे १९६६ साली इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टन यांनी तीच टाकून दिलेली गिटार मोठ्या आवाजाच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून वाजविली. तो नाद ऐकून तरुण वादक जुन्या लेस पॉलच्या शोधास लागले. कंपनीला १९६८ मध्ये ती पुन्हा बनवावी लागली. जुनी गिटार नेहमीच नव्यापेक्षा चांगली वाजते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. वाळलेले लाकूड आणि मुरलेले चुंबक यांविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु तिच्या किमतीचा मोठा वाटा दुर्मिळतेचा आणि आठवणींचा असतो.

अशीच एक १९६८ सालची सोनेरी लेस पॉल टॉम शोल्झ यांच्याकडे होती. शोल्झ हे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे यंत्र अभियांत्रिकीचे पदव्युत्तर पदवीधर. दिवसा ते कॅमेरे बनविणाऱ्या पोलरॉइड कंपनीत नोकरी करीत. रात्री बोस्टनजवळील वॉटरटाउन गावी आपल्या भाड्याच्या घराच्या तळघरात ते गाणी मुद्रित करीत. जागा लहान होती. शेजारीच घर उबदार ठेवणारी भट्टी होती आणि अधूनमधून तेथे पाणीही शिरे. पगारातून पैसे साठवून त्यांनी स्कली कंपनीचे बारा ट्रॅकचे यंत्र घेतले. गिटारी, बेस आणि ऑर्गन ते एकटेच वाजवीत. गायक ब्रॅड डेल्प आपल्याच आवाजाचे थर चढवून संपूर्ण वृंदगायन उभे करीत.

तळघरातील मुख्य अडचण गोंगाटाची होती. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरावर नेला तरच त्याचा आवाज फाटून दाट व भरदार होतो. शंभर वॉटचा मार्शल त्या जोरावर वाजला तर शेजाऱ्यांस घर सोडावे लागेल! शोल्झ यांनी अभियंत्यास शोभेल असा मार्ग काढला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये त्यांनी विद्युतरोधकांचे एक साधन जोडले. ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने राबे, परंतु त्याची बहुतेक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाई आणि स्पीकरपर्यंत थोडीच पोहोचे. आवाजाचा पोत तोच राही. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हे साधन ‘पॉवर सोक’ या नावाने विक्रीसही आणले. आवाज रुंद व्हावा म्हणून तोच गिटारीचा भाग ते दोनदा वाजवून डाव्या आणि उजव्या बाजूस ठेवीत. दोन वादने केसभर वेगळी असतात आणि त्या केसभर फरकानेच कानास अनेक गिटारींचा भास होतो.

अनेक कंपन्यांनी नाकारल्यानंतर एपिक कंपनीने त्यांची गाणी स्वीकारली. मात्र सर्व काही व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा मुद्रित झाले पाहिजे, अशी अट घातली. शोल्झ यांचा यास नकार होता. ज्या नादासाठी त्यांनी इतकी वर्षे वेचली, तो ताशी भाडे मोजून परक्या खोलीत मिळणार नाही, याची त्यांना खात्री होती. येथे निर्माते जॉन बॉयलन यांनी एक धाडसी डाव टाकला. बाकीचा वाद्यवृंद घेऊन ते लॉस एंजेलिसला गेले. कंपनीस वाटले, काम ठरल्याप्रमाणे चालले आहे. प्रत्यक्षात शोल्झ तिकडे वॉटरटाउनच्या तळघरात बसून एकेक गाणे पुन्हा वाजवीत होते. ते पुरे होताच प्रॉव्हिडन्स शहरातून ध्वनिमुद्रणाची मोटारगाडी मागविण्यात आली आणि तळघराच्या खिडकीतून केबल आत सोडून सारे चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरविण्यात आले. गायन आणि अंतिम मिश्रण तेवढे लॉस एंजेलिस येथे झाले. २५ ऑगस्ट १९७६ रोजी ‘बोस्टन’ या नावाने ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. एकट्या अमेरिकेत तिला १ कोटी ७० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले आहे. ती ऐकताना भट्टीशेजारची खोली कोणाच्याही मनात येत नाही. कंपनीची फसवणूक योग्य होती काय, हा प्रश्न उरतो. आमच्या मते अटच अविचारी होती, परंतु डाव फसला असता तर त्याचे मोल बॉयलन यांना मोजावे लागले असते.

शोल्झ यांनी पुढेही घरचा स्टुडिओ आणि टेप सोडली नाही. २०१३ मध्ये आलेली त्यांची ‘लाइफ, लव्ह अँड होप’ ही ध्वनिमुद्रिकादेखील मुख्यतः त्याच पद्धतीने, दशकाहून अधिक काळ खपून, तयार झाली. हा मार्ग आज अवलंबू पाहणाऱ्याने काही व्यावहारिक गोष्टी जाणून घ्याव्यात. यंत्राची हेडे अल्कोहोलने वारंवार पुसावी लागतात, त्यांत साठलेले चुंबकत्व काढावे लागते आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर विरळ झाले आहेत. नवी टेप अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये अजून बनते, परंतु ती महाग आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतील काही टेपांचा चिकट थर हवेतील ओलावा शोषून घेतो आणि वाजविताना यंत्रास चिकटून बसतो. अशा टेपा सुमारे ५५ अंश उष्णतेत काही तास शेकवून मगच वाजवाव्या लागतात. पावसाळ्यानंतर कपाटातील कॅसेटवर बुरशी पाहिलेल्या आपल्या किनारपट्टीच्या वाचकांस हे नवल वाटणार नाही.

दुसरी कथा कॅसेटचीच आहे. टीॲक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे लहानसे यंत्र काढले. साधी कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजते. या यंत्रात मात्र तिच्या संपूर्ण रुंदीवर एकाच दिशेने चार ट्रॅक मुद्रित होत आणि गुणवत्ता वाढावी म्हणून ती दुप्पट वेगाने फिरे. त्यामुळे साठ मिनिटांची कॅसेट अवघ्या पंधरा मिनिटांत संपे. कॅसेटच्या पट्टीची रुंदी चार मिलिमीटरही नसते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यावरील चार वाटा किती अरुंद असतील याची कल्पना येते.

कॅथलिक कुटुंबात वाढलेले न्यू जर्सीचे गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपल्या गिटार-सहायकाकरवी हे यंत्र मागविले. स्टुडिओत गाणी रचत बसण्यात फार पैसा जातो, म्हणून घरीच कच्चा आराखडा करावा आणि मग वाद्यवृंदास शिकवावा, एवढाच हेतू होता. कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घराच्या शयनगृहात दोन साधे माइक उभे राहिले, एक आवाजासाठी आणि दुसरा गिब्सन जे-२०० या मोठ्या लाकडी गिटारीसाठी. उरलेल्या दोन ट्रॅकांवर कधी माउथ ऑर्गन, कधी मँडोलिन, कधी दुसरा आवाज. जानेवारी १९८२ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेक गाणी झाली. मग टेपवरच प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या एकोप्लेक्स यंत्रातून काढून ती एका पॅनासोनिक टेपरेकॉर्डरवर उतरविण्यात आली. तो टेपरेकॉर्डर पूर्वी पाण्यात भिजलेला होता!

वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ई स्ट्रीट बँडसह हीच गाणी मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. त्यांतील ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ वाद्यवृंदात विलक्षण खुलले आणि १९८४ साली जगभर पोहोचले. बाकीची बहुतेक गाणी मात्र जसजशी भरदार होत गेली, तसतशी स्प्रिंगस्टीन यांस ती हरवत चालल्यासारखी वाटू लागली. अपराधी, बेकार आणि एकाकी माणसांच्या त्या कथा होत्या. शयनगृहात ते अर्धवट स्वतःशीच बोलल्यासारखे गात होते, कारण ऐकणारे कोणी नव्हते आणि ही गाणी बाजारात जाणार असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. तो निःसंकोचपणा स्टुडिओत पुन्हा आणता येईना. कित्येक आठवडे जीन्सच्या खिशात, डबीशिवाय वागविलेली ती कॅसेट अखेर बाहेर काढण्यात आली आणि तिचीच ध्वनिमुद्रिका करावयाचे ठरले.

निर्णय सोपा होता, अंमलबजावणी नव्हती. कॅसेटवरील आवाज इतका क्षीण आणि सळसळता होता की, त्यावरून तबकडी कोरताना तंत्रज्ञ हैराण झाले. निरनिराळ्या ठिकाणी प्रयत्न फसले. शेवटी आवाजाची पातळी खाली ठेवून तबकडी कोरली गेली. ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी एकही दौरा केला गेला नाही, तरी ती अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली. शोल्झ यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकेतून घराच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. ‘नेब्रास्का’तून त्या पुसताच आल्या नाहीत.

वाद्यवृंदासह केलेली ती मुद्रणे श्रोत्यांत अनेक वर्षे दंतकथेसारखी चर्चिली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी विस्तारित संचात ती प्रसिद्ध केली. त्याच महिन्यात या कॅसेटच्या जन्मावरील ‘डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर’ हा चित्रपटही आला. ज्यांना जिज्ञासा असेल त्यांनी एकच गाणे दोन्ही रूपांत, आधी बँडचे आणि नंतर कॅसेटचे, रात्री घर शांत झाल्यावर ऐकावे. कॅसेटमध्ये गाणे सुरू होण्यापूर्वीची ती बारीक सळसळ तेव्हा स्पष्ट ऐकू येते.