चौकट : गणेशखिंडीतली पंचाहत्तरी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
स्थापना : 10 फेब्रुवारी 1949. अमृतमहोत्सव : 10 फेब्रुवारी 2024.

कोणता महोत्सव कधी? 25 वर्षांनी रौप्य, 50 ला सुवर्ण, 60 ला हीरक, 75 ला अमृत, शंभरीला शताब्दी.

पहिले कुलगुरू : बॅ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव.

कार्यक्षेत्र : आरंभी 12 जिल्हे. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीनच जिल्हे उरले.

आवार : सुमारे 411 एकर. ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था याच आवारात, पण ती विद्यापीठाचा विभाग नव्हे, कारभार स्वतंत्र.

मुख्य इमारत : मूळची मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळी कोठी. बांधकाम सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1864 मध्ये सुरू झाले. उंच मनोरा लांबूनही ओळखू येतो. महोत्सव या वास्तूला नवा नाही! 22 जून 1897 च्या रात्री इथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. तो आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड 3 जुलैला मेला.

नाव : 2014 पर्यंत नुसते पुणे विद्यापीठ. जुन्या पदवीपत्रांवर तेच; रिक्षावाल्याला आजही ‘युनिव्हर्सिटी’ पुरते.